पाणक्याची सवलत

एकवीस वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या भावावर त्याला न सांगता एक मेहेरबानी केली आणि करून विसरूनही गेले. गेल्या गुरुवारी दुपारी ती मला माझ्याच अक्षरात परत सापडली.

आधी खेळाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. 'पाणक्या' हा व्हिडिओ गेम मी दोन हजार एकवीस साली एकटीनं केला, मिरजेत दादाच्या गच्चीवरच्या खोलीत बसून. तेव्हा मोठ्या कंपन्यांचे खेळ सिनेमासारखे दिसायचे. मी हट्टानं माझ्या जन्माआधीच्या खेळांसारखा केला. सोळा रंग, ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, पिपाणीसारखं संगीत. डोक्यावर घागर घेतलेला एक पाणक्या खोल बारवेच्या तळातून वर निघालाय. पायऱ्या जागोजाग तुटलेल्या आहेत आणि त्या खिंडारांवरून उड्या मारायच्या आहेत. डावं, उजवं आणि उडी, एवढीच बटणं. उडी चुकली की धप्प, पुन्हा टप्प्याच्या सुरुवातीपासून. टप्पे चाळीस. चोवीस वर्षांची मुलगी जेवढी दुष्ट असू शकते, तेवढा दुष्ट खेळ होता तो.

लोकांना तो भलताच आवडला. चार लाख माणसांनी खेळला, आणि काही वेडे अजून रोज खेळतात. खेळाडूचा प्रत्येक डाव माझ्या सर्व्हरवर नोंदला जायचा, कारण दुसऱ्या दिवशी आपल्याच कालच्या सावलीशी शर्यत लावता यायची. पडद्यावर फिकट रंगाचा दुसरा पाणक्या आपल्या बरोबरीनं उड्या मारत असायचा.

चार वर्षांपूर्वी या सावल्यांना अचानक भाव आला. सांगलीच्या डॉ. नसीम बागवान माझ्याकडे आल्या. मेंदूच्या डॉक्टर, माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. आठवड्याभरात आम्ही अगं-तुगंवर आलो. कंपवाताच्या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून जास्त संपलेल्या असतात. म्हणजे चोर दिसतो तेव्हा घर आधीच रिकामं झालेलं असतं. पण त्याच्या कितीतरी आधी बोटांची वेळ चुकायला लागते. कड येतेय हे डोळ्याला दिसतं, मेंदू अंदाज बांधतो, 'आता दाब' म्हणतो, आणि अंगठा किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या, शंभराव्या भागाचा असतो आणि तो माणसाला स्वतःला कळत नाही.

"मला असा खेळ पाहिजे," नसीम म्हणाली होती, "ज्यात माणूस हजार वेळा कडेवरून उडी मारतो, आणि ज्यात त्याच्या विशीतल्या अंगठ्याची नोंद आहे. म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच करता येईल. जगात असा एकच खेळ सापडला आणि त्याची मालकीण रिक्षानं वीस मिनिटांवर राहते."

त्यातून अंगठा-चाचणी निघाली. वर्षातून एकदा दहा मिनिटं पाणक्या खेळायचा, जुना खेळाडू असेल तर त्याच्याच खात्यातून, आणि शंभरपैकी गुण घ्यायचे; जुनी नोंद नसेल तर तुलना त्याच वयाच्या इतरांशी. दोन वर्षांत ती बसचालकांना, क्रेन चालवणाऱ्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्या शल्यविशारदांना सक्तीची झाली. नसीमची अट एकच होती, खेळाला हात लावायचा नाही. एक ओळ बदलली तरी जुन्या नोंदींशी तुलना बिघडणार. मी खुशीनं मान डोलावली. एकवीस वर्षांपूर्वीचा आपला कोड उघडून बघायला कुणाला आवडतं? जुनी प्रेमपत्रं वाचण्याइतकंच ते लाजिरवाणं असतं.

गुरुवारी तो उघडला, कारण खेळाची नवी आवृत्ती काढायची ठरली होती. उडीचा भाग वाचत होते. अशा खेळांत एक धंद्यातली गोष्ट असते. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगतो, त्या एकेका चित्राला आम्ही फ्रेम म्हणतो. खेळाडूचा पाय कडेवरून सुटल्यावरही पाच-सहा फ्रेम उडीचं बटण चालू ठेवायचं. कारण माणसाला वाटतं आपण वेळेवर दाबलं, आणि प्रत्यक्षात दाबलेलं असतं उशिरा. ही सवलत दिली नाही तर लोक म्हणतात खेळ चोरटा आहे. सगळे देतात, मीही पाच फ्रेमची दिली होती.

पण त्या पाचच्या खाली आणखी अकरा ओळी होत्या, आणि त्यांच्या वर माझी स्वतःसाठी लिहिलेली टीप होती. "दादासाठी. त्याला सांगायचं नाही."

मग एकदम सगळं आठवलं. माझा दादा, डॉ. नेमिनाथ मगदूम, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तेव्हा नुकताच डोळ्यांचा डॉक्टर झाला होता आणि माझ्या खेळाचा पहिला खेळाडू होता. सातव्या टप्प्यावर तो अडला. तीन दिवस अडला. जन्मात कशात दुसरा नंबर न आलेला माणूस! चौथ्या दिवशी त्यानं कंट्रोलर भिंतीवर फेकला आणि आईशी जेवणावरून भांडला. मला त्याचं वाईट वाटलं. मी त्या दुपारी गुपचूप अकरा ओळी लिहिल्या: एखादा खेळाडू थोडक्या उशिरानं वारंवार पडत असेल, तर त्याची सवलत हळूच एक फ्रेमनं वाढव. तरी पडला तर आणखी एक. त्याला ते दिसू नये म्हणून कडेवर आल्यावर पाणक्या जरा झोकांड्या खातो, घागर सावरतो. सवलत जेवढी, तेवढा वेळ झोकांडी. जगभरच्या लोकांना ती गंमत वाटली. दादा सातवा टप्पा पार करून घरभर नाचला.

इथपर्यंत मला हसूच येत होतं. शेवटची ओळ वाचली आणि हसू गेलं.

सावली हवेत उडी मारताना दिसली असती तर वाईट दिसलं असतं, म्हणून मी नोंदीत बटण दाबल्याची खरी वेळ ठेवलीच नव्हती. सुधारलेली ठेवली होती. म्हणजे सवलतीच्या आत खेळाडूनं कितीही उशिरा दाबलं तरी नोंद म्हणणार, पाय कडेवर असतानाच दाबलं.

नसीमची चाचणी वाचत होती ती हीच नोंद.

नवखा माणूस आला तर चाचणी त्याला पकडायची, कारण दहा मिनिटांत सवलत वाढायला वेळच मिळायचा नाही. पण जे वर्षानुवर्षं नेमानं खेळत होते, त्यांचा अंगठा जसजसा मागे पडला तसतसा खेळ त्यांच्याबरोबर म्हातारा होत गेला होता. त्यांचे गुण कधी कमी होणारच नव्हते. आणि मला ठाऊक असलेला सगळ्यात नेमानं खेळणारा माणूस रोज ऑपरेशनच्या आधी वीस मिनिटं पाणक्या खेळायचा. हात मोकळा होतो म्हणायचा.

सवलतीचा आकडा मात्र प्रत्येक डावाच्या नोंदीत कोपऱ्यात पडून होता, खेळाला तो लागायचा म्हणून. मी दादाचं खातं उघडलं. दोन हजार एकवीस: सात. बावीस: सात. असं थेट पस्तीसपर्यंत सात. छत्तीसमध्ये आठ, अडतीसमध्ये नऊ, चाळीसमध्ये अकरा. आणि या वर्षी, बेचाळीसमध्ये, चौदा.

मी नसीमला फोन लावला. अकरा ओळी वाचून दाखवल्या.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचल्या.

"त्रिशला, वय झालं म्हणून असा आकडा एखाद-दोननं वाढेल. सात वरून चौदा हे वय नाही. ज्याचा आहे त्याला सहा वर्षं झालीत. कोण आहे? गाडी चालवतो का?"

"गाडी नाही. मोतीबिंदू काढतो. आठवड्याला पंचवीस."

"तुझा भाऊ," नसीम म्हणाली. तिला सांगावं लागलं नाही. चाचणीच्या पहिल्या जाहिरातीत दादाचाच फोटो होता, शहाण्णव गुणांचं प्रमाणपत्र हातात धरून. मग तिचा आवाज बदलला. "जुने खेळाडू म्हणून चाचणी दिलेले सहा हजारांवर लोक आहेत माझ्याकडे. त्यांत चालक आहेत, सर्जन आहेत. मी आज संध्याकाळी सहाला चाचणी बंद करून सगळ्यांना कळवणार. त्याच्या आत तू भावाला सांग. बातमीतून त्याला कळू देऊ नकोस. सहाच्या पुढे मी थांबणार नाही, आणि तू थांब म्हणूही नकोस."

खोटं कशाला बोलू, थांब म्हणावंसं वाटलं होतं. दादाचं खातं तेवढं पुसून टाकावं, असंही मनात येऊन गेलं. बोटं कीबोर्डवर होती. पण शनिवारी सकाळी दादाच्या ऑपरेशनच्या यादीत पहिलं नाव आमच्या आईचं होतं. डावा डोळा. उजवा त्यानंच गेल्या वर्षी केला होता, आणि त्या डोळ्यानं आईला आता फक्त उजेड-अंधार कळतो. "डोळ्यामागचा पडदा आधीच कमजोर होता, वयाचं आहे," असं दादा म्हणाला होता. डॉक्टर मुलगाच म्हणतोय म्हटल्यावर आम्ही कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. आता तिच्याकडे एकच डोळा उरलाय.

मी ती अकरा ओळींची सवलत काढून टाकलेला खेळ पेन ड्राइव्हवर घेतला आणि निघाले.

दादाकडे पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. गुरुवारी त्याला ऑपरेशनं नसतात. वहिनी गावाला गेल्या होत्या. आई स्वयंपाकघरात होती. ती सूर्य मावळायच्या आत जेवते, त्यामुळे तिची कुकरची शिट्टी साडेचारलाच होते.

"काय गं, दुपारचीच?" दादा खूश झाला. त्रेपन्नाव्या वर्षीही मला बघितलं की त्याला चिडवायचं सुचतं. "नवी आवृत्ती आणलीस काय? बघू की, आण. कठीण केलीस ना? त्या जुन्यात आता काय राम राहिला नाही. झोपेत जातो मी चाळीस टप्पे."

"थोडी कठीण आहे," मी म्हटलं.

त्यानं पेन ड्राइव्ह टीव्हीला जोडला. पिपाणी वाजली. पाणक्या बारवेच्या तळाशी उभा राहिला, घागर डोक्यावर. पहिल्या टप्प्यातलं पहिलं खिंडार म्हणजे लहान पोरं हसत ओलांडतात ते. दादा कडेवर आला, बटण दाबलं आणि पाणक्या सरळ खाली गेला. धप्प.

"अरेच्चा!" तो हसला. परत गेला. धप्प. "बटण अडकतंय बहुतेक." कपाटातून दुसरा कंट्रोलर काढला. धप्प. चौथ्यांदा तो पुढे सरकून बसला, जीभ दातांत धरली. मी टीव्हीकडे बघतच नव्हते. त्याच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. पाणक्याचा पाय कडेवरून सुटायचा, तो हवेत असायचा, आणि मग अंगठा खाली यायचा. दर वेळी. मला ओरडावंसं वाटत होतं.

नवव्यांदा पडल्यावर दादानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "काय केलंस याचं?"

मी सांगितलं. सातवा टप्पा, भिंतीवर फेकलेला कंट्रोलर, अकरा ओळी, सुधारलेली नोंद. सात, आठ, नऊ, अकरा, चौदा.

आधी तो चिडला, आणि भलत्याच गोष्टीवर चिडला. "म्हणजे सातवा टप्पा मी पार केलाच नाही? एकवीस वर्षं तू मला... मी काय भीक मागितली होती तुझ्याकडं? सांगायचं की तोंडावर, तुला जमत नाही म्हणून!"

"सांगायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

मग त्याच्यातल्या डॉक्टरला बाकीचं कळलं. मी ते कळताना पाहिलं. चेहऱ्यावरचा राग तसाच होता आणि त्याच्या आतून रंग उतरत गेला. त्यानं उजवा हात समोर धरला. हात अगदी स्थिर होता. म्हणूनच भीती वाटत होती.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "शर्टाचं वरचं बटण लागायला वेळ लागतो. अक्षर बारीक झालंय. मी डॉक्टर आहे, त्रिशू, मला काय कळत नाही? दोनदा वाटलं, जाऊन नसीमला दाखवावं. पण चाचणी दिली की शहाण्णव. मागल्या महिन्यात सत्त्याण्णव. मी म्हटलं, मशीनला जे दिसतं ते खरं, माझ्या मनाचे खेळ आहेत." त्यानं हात खाली घेतला. "हात सांगत होता गं. मी हाताचं ऐकलं नाही, तुझ्या पाणक्याचं ऐकलं."

विचारायचं ते मी विचारलं. "दादा, ऑपरेशनं बिघडलीत का?"

"तीन," तो लगेच म्हणाला. म्हणजे आकडा त्याच्या तोंडावरच होता. "डोळ्यातलं भिंग ज्या पातळ पिशवीत असतं, ती फाटली. कुणाच्याही हातून होतं असं. हजारात पाच-सात होतातच. दोघांचं मी सांभाळून घेतलं, त्यांना बरं दिसतं."

"आणि तिसरं?"

तो स्वयंपाकघराकडे बघत राहिला.

मला वाटतं त्या क्षणी मी त्याला मारलंही असतं. "पडदा कमजोर होता म्हणालास."

"मला तसंच वाटलं. देवाशपथ. पिशवी फाटली, नंतर आत सूज आली. मी म्हटलं, निरोगी पडद्यानं सोसली असती. मी स्वतःला तसं पटवून दिलं आणि मग ते मला खरंच पटलं."

आई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. शहात्तर वर्षांची बाई, एका हातानं चौकट धरलेली, कारण उजवीकडचं तिला काही दिसत नाही. दुसऱ्या हातात वरणाची वाटी.

"नेमू," ती म्हणाली, "तिच्यावर ओरडू नको. आणि तू गं, त्याच्यावर."

"आई, तू आत बस," दादा उठला. "मी तुला सगळं सांगतो. नीट सांगतो."

"मला काय सांगतोस? मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?" मी विचारलं.

"डोळा बधिर केलास तू माझा, कान न्हाई," आई म्हणाली. ती येऊन खुर्चीवर बसली, वाटी टीपॉयवर ठेवली. "माझ्या तोंडावर ते हिरवं फडकं होतं. तू गाणं गुणगुणत होतास. मग एकदम गप्प झालास. आणि म्हणालास, 'थांब. थांब म्हणतो ना.' सिस्टर म्हणाली, काय झालं डॉक्टर? तर तू म्हणालास, काय न्हाई. तू तिला म्हणत नव्हतास रे थांब. हाताला म्हणत होतास. लेकराला आई बोलते तसं बोललास हाताला. तवाच मला कळलं."

मी विचारलं, "वर्षभर बोलली नाहीस तू?"

"काय बोलायचं? अख्खी मिरज याला देव मानते. मी म्हणायचं, याचा हात कापतो?"

"आई, मग परवा दुसरा डोळा का देत होतीस मला?" दादाचा आवाज फाटला. "न्हाई म्हणायचंस की! दुसरीकडं जाते म्हणायचंस!"

"दुसरीकडं गेले असते तर तुला कळलं असतं," आई म्हणाली. "म्हटलं, ह्या वयात आणखी काय बघायचं राहिलंय? एक डोळा गेला तर गेला. तू खचला असतास."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, जेवायला काय करू विचारावं तसं. मी सवलत दिली तेव्हा मला माहीत नव्हतं ती कुठवर जाईल. आईला पक्कं माहीत होतं, आणि तरी ती शनिवारी सकाळी उपाशीपोटी जाऊन टेबलावर झोपणार होती, उरलेला डोळा उघडा ठेवून.

दादा तिच्या पायाशी खाली बसला. रडला नाही. त्यानं फोन काढून हॉस्पिटलला लावला. "शनिवारची यादी रद्द. पुढच्याही सगळ्या रद्द. पेशंटांना डॉ. कोरेंकडं पाठवा. न्हाई, रजा न्हाई ही. मी आता ऑपरेशन करणार न्हाई." आईचं नावही त्यानं कोरेंकडे द्यायला सांगितलं. मग मला म्हणाला, "नसीमला कळव, मला सांगून झालं. सहा वाजायची वाट बघू नको म्हणावं." मी निरोप पाठवला. पाच वाजून दहा मिनिटांनी अंगठा-चाचणी बंद पडली.

मला वाटलं, संपलं. पण दादा तिथंच बसून होता, आईच्या पदराकडे बघत.

"आई गप्प बसली," तो हळूच म्हणाला. "आणखी कोण कोण बसलं असेल?"

"तीनच ना?" मी म्हटलं.

"तीन मला दिसलेली. ज्यांनी सांगितलं, बरं आहे, त्यांना मी बरं धरलं." तो उठला, लॅपटॉप आणला, दोन वर्षांची ऑपरेशनांची यादी उघडली. एका नावावर बोट ठेवलं. बाबगोंडा पाटील, गाव आरग. शेवटच्या तपासणीला आलेच नव्हते. फोनवर 'झकास' म्हणाले होते, म्हणून यादीत त्यांच्यापुढे 'उत्तम' असं लिहिलेलं होतं. दादानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण, डॉक्टरसाहेब?" पलीकडे म्हातारा आवाज एकदम उजळला. "नमस्कार, नमस्कार! तुम्ही सोता फोन केला?"

"पाटील, डोळा कसा आहे?"

"झकास! एकदम झकास बघा. तुमच्या हाताला यश हाय, डॉक्टर."

"समोर कॅलेंडर आहे का तुमच्या?"

"हाय की, भिंतीवर. का हो?"

"चांगला डोळा हातानं झाका. मी केलेल्या डोळ्यानं बघा आणि आजची तारीख वाचून दाखवा."

पलीकडे काही हललं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणाची तरी म्हैस हंबरली. दादा फोनकडे बघत होता, आई डोळे मिटून बसली होती. आम्ही थांबलो, आणखी थांबलो. पाटलांचा श्वास ऐकू येत होता.

"पाटील," दादा म्हणाला, "मला वाईट वाटेल याचा विचार करू नका. वाचा."

"डॉक्टर," म्हातारा अगदी हळू आवाजात, समजूत काढल्यासारखा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की आता."